ऐतिहासिक कादंबरीतील रूढीबाह्य नायिका

ऐतिहासिक काळ व घटना यांच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांत, समाजमान्य स्त्रीधर्माची चौकट ओलांडून स्वतःच्या इच्छेने वागणाऱ्या स्त्रियांना ही संज्ञा लावता येईल. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) यांच्या मोचनगड (१८७१) या कादंबरीपासून मानला जातो. तत्पूर्वीच्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांच्या मंजुघोषा (१८६८) यांसारख्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांतील नायिका संकटे सोसणाऱ्या, सद्‌गुणी आणि अखेर सुखाला पोचणाऱ्या अशा ठरीव साच्याच्या होत्या. इतिहासाची भूमी लाभल्यावर या साच्यात बदल होऊ लागला.

मराठी मुलखाच्या इतिहासावर आधारलेली एक धीट नायिका प्रथम इंग्रजीत अवतरली. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असलेल्या फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) यांच्या तारा (१८६३) या कादंबरीची नायिका तुळजापूरची बालविधवा ब्राह्मणकन्या असून, अखेर अफजलखानाच्या मुलाशी तिचा विवाह होतो. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळून (१८५६) तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. तत्कालीन मराठी ऐतिहासिक कादंबरीकाराला असा शेवट करणे अवघडच होते.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या लेखनात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. पण लक्षात कोण घेतो! या त्यांच्या सामाजिक कादंबरीतील यमू रूढीच्या जाचाखाली पिचून जाते. तिच्या वाट्याला कृती येत नाही, केवळ दुःखाचे निवेदन येते. उलट रूपनगरची राजकन्या या ऐतिहासिक कादंबरीतील नायिका औरंगजेबाशी होऊ घातलेला विवाह धुडकावते आणि मेवाडच्या राणा राजसिंहाला आपल्या रक्षणासाठी स्वतः बोलावते. आपला वर आपण निवडण्याचा जो अधिकार लेखकाच्या समकालीन मुलीला नव्हता, तो सतराव्या शतकातील राजकन्येला देता आला. काळाच्या अंतरामुळे लेखकाला ही मोकळीक मिळाली व वाचकालाही ती खटकली नाही.

तथापि या मोकळिकीला मर्यादा होती. नायिकेचे बंड मान्य होण्यासाठी त्याला धर्म, कुल वा स्वराज्य यांचा आधार असावा लागे. गड आला पण सिंह गेला या कादंबरीत सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारीला उदयभानू पळवून आणतो. तिचा त्याला होणारा विरोध तेजस्वी आहे. पण तो सतीधर्म पाळता यावा यासाठी आहे. वज्राघात ही कादंबरी याहून वेगळी आहे. विजयानगरच्या पाडावाच्या (१५६५) कथेत रामराजा व मेहेरजान यांचे प्रेम आणि तिचा झालेला त्याग यांचे धागे गुंफून, साम्राज्याच्या नाशामागे एका स्त्रीवरील अन्यायही उभा करण्यात आला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ऐतिहासिक कादंबरीला पुन्हा बहर आला. रणजित देसाई (१९२८–९२) यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीतील रमाबाई माधवराव पेशव्यांमागे थेऊर येथे सती जाते (१७७२). ही परंपरेतील आदर्श पत्नीची प्रतिमा होय. नागनाथ संताराम इनामदार (१९२३–२००२) यांनी मात्र इतिहासाने एका बाजूस ठेवलेल्या स्त्रियांकडे लक्ष वळविले. राऊ (१९७२) मधील मस्तानी हिचे बाजीरावांशी असलेले नाते पेशवे कुटुंबाने व पुण्याच्या ब्रह्मवृंदाने स्वीकारले नाही. तिच्याविषयीचे कागद बव्हंशी इतरांनी लिहिलेले आहेत. तिची स्वतःची बाजू सांगणारा पुरावा फारसा नाही. पाबळ येथील तिची कबर आणि पानिपतावर कामी आलेला तिचा पुत्र समशेर बहादूर यांच्यामागे उरलेली ही पोकळी कादंबरीकाराने कल्पनेने भरून काढली.

इनामदारांच्याच शिकस्त (१९८३) या कादंबरीची नायिका पार्वतीबाई ही सदाशिवरावभाऊंची पत्नी. ती पतीसमवेत पानिपतच्या स्वारीत होती. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पराभवानंतर ती रणांगणातून सुखरूप परतली. भाऊ मात्र परतले नाहीत. त्यांच्या मृत्यूवर तिने विश्वास ठेवला नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पेशव्यांच्या वाड्यात, शास्त्री-पंडितांच्या नजरेसमोर, एक ब्राह्मण स्त्री बावीस वर्षे अशा रीतीने राहिली, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

या नकाराचे परिणाम केवळ कौटुंबिक नव्हते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते उघड झाले. आपणच भाऊ असल्याचे सांगणारा एक कनोजी ब्राह्मण माधवराव पेशव्यांच्या काळात पकडला गेला होता. चौकशीत तो तोतया ठरला व पुढे त्यास रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. हा रत्नदुर्ग मांडवीच्या किनाऱ्यालगत समुद्रात शिरलेल्या भूशिरावर आहे. १७७६ च्या आरंभी तेथील अधिकारी रामचंद्र परांजपे याने त्यास मुक्त करून भाऊ म्हणून पुढे आणले. अल्पावधीत कोकणचा मोठा भाग तोतयाच्या हाती गेला. कारभाऱ्यांनी पाठविलेल्या फौजांपुढे त्याचा पाडाव झाला, आंग्र्यांच्या मुलखात तो पकडला गेला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहांत शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकर यांचे तोतयाचे बंड (१९१३) हे नाटक याच प्रकरणावर आधारलेले आहे. भाऊंची पत्नीच सौभाग्यचिन्हे बाळगीत असता ते मरण पावल्याचे लोकांना पटविणे कारभाऱ्यांना कठीण होते. एका स्त्रीच्या कपाळीचे कुंकू राज्याच्या स्थैर्याशी असे निगडित झाले होते.

पार्वतीबाईचे रूढीबाह्यत्व विशेष विचारात घेण्याजोगे आहे. विधवेसाठी घातलेला नियम तिने मोडला. पण तो पत्नीधर्माचाच आधार घेऊन. त्यामुळे तिला दोष देणे रूढीच्या रक्षकांनाही अवघड गेले. मराठी ऐतिहासिक कादंबरीतील बहुतेक धीट नायिकांचे बळ याच प्रकारचे आहे. त्या चौकट आतून वाकवितात.

रत्नागिरीशी निगडित दुसऱ्या एका राणीच्या बाबतीतही हे साम्य आढळते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा व त्याची राणी सुपायालात यांना इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. राजाने अनेक राण्या करण्याचा दरबारी रिवाज सुपायालातने चालू दिला नव्हता. येथेही पत्नीच्या हक्काच्या आग्रहातूनच राजकुलाची रूढी मोडली गेली. एफ. टेनिसन जेस यांच्या द लॅकर लेडी (१९२९) या इंग्रजी कादंबरीत तिचा मंडालेचा दरबार, तर अमिताव घोष यांच्या द ग्लास पॅलेस (२०००) मध्ये तिचा रत्नागिरीतील वनवासही चित्रित झाला आहे. नंतरच्या कादंबरीत राणीपेक्षा तिची दासी डॉली आणि जिल्हाधिकाऱ्याची पत्नी उमा यांना अधिक महत्त्व आहे. वैधव्यानंतर स्वातंत्र्य-चळवळीत उतरणारी उमा आपल्या कृतीसाठी पतिधर्माचा आधार शोधत नाही.

ऐतिहासिक कादंबरीतील अशा नायिकांचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कागदपत्रांतून ज्ञात होणारे वर्तन हा इतिहास होय. त्यामागील मन हे बहुधा कादंबरीकाराचे अनुमान असते. पार्वतीबाईने कुंकू पुसले नाही, हे इतिहास सांगतो. ते श्रद्धेने, आशेने की निव्वळ निर्धाराने, याचे उत्तर प्रत्येक पिढीचा लेखक आपल्या काळातील स्त्रीकडे पाहून देत असतो.