गोल्फ : साहित्य आणि मैदानावरील शिष्टाचार

गोल्फ हा विस्तीर्ण मैदानावर क्लब नावाच्या काठ्यांनी लहान, कठीण चेंडू टोलवत तो ठरावीक क्रमाने जमिनीतील खळग्यांत घालण्याचा खेळ आहे. या खळग्याला आणि त्याच्यापर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यालाही होल म्हणतात. पूर्ण फेरी १८ होलांची असते व सर्वसाधारण प्रकारात सर्वांत कमी फटक्यांत ती पुरी करणारा खेळाडू जिंकतो. खेळाचे नियम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए आणि अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन (यूएसजीए) या दोन संस्था मिळून ठरवतात. २०१९ मध्ये या नियमांची मोठी फेरमांडणी झाली.

क्रिकेट किंवा कबड्डीप्रमाणे येथे प्रत्येक खेळीवर पंचाची नजर नसते. खेळाडू तीन-चारांच्या गटाने चालत राहतात, स्वतःचे फटके स्वतः मोजतात आणि चूक झाल्यास स्वतःच दंड लावून घेतात. शिवाय एकाच मैदानावर अनेक गट एकाच वेळी, वेगाने उडणाऱ्या चेंडूंच्या टप्प्यात वावरत असतात. म्हणून गोल्फमध्ये शिष्टाचार हा सुरक्षिततेचा आणि निकालाच्या विश्वासार्हतेचाही भाग मानला जातो. नवशिक्याचा फटका चुकला तरी सोबतचे खेळाडू समजून घेतात. बेपर्वाईला मात्र सहसा माफी नसते.

क्लब

नियमानुसार फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. त्याहून अधिक आढळल्यास फटके मोजण्याच्या स्पर्धेत चूक झालेल्या प्रत्येक होलमागे २ आणि फेरीत कमाल ४ फटक्यांचा दंड होतो. क्लबची दांडी पोलादाची किंवा ग्राफाइटची असते. ग्राफाइटची दांडी हलकी असल्याने सावकाश फिरवणाऱ्यास सोयीची पडते.

क्लबमधील मुख्य फरक त्याच्या मुखाच्या कलण्यात असतो. या कोनाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट कमी असला की चेंडू खालून व लांब जातो, जास्त असला की उंच चढतो आणि जवळ पडतो. सर्वांत लांब टोला मारण्यासाठी ड्रायव्हर वापरतात. त्याचा लॉफ्ट साधारण ८ ते १२ अंश असतो आणि त्याच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. ड्रायव्हर व त्याच्या जातीच्या क्लबांना अजूनही वूड म्हणतात, कारण पूर्वी त्यांचे डोके लाकडाचे असे; आता ते बहुधा टायटॅनियमचे किंवा पोलादाचे असते. आयर्न या क्लबांना क्रमांक असतात आणि क्रमांक वाढतो तसा लॉफ्ट वाढतो. जवळच्या उंच फटक्यांसाठी वेज, वाळूच्या खड्ड्यातून म्हणजे बंकरमधून बाहेर काढण्यासाठी सँड वेज, आणि शेवटी गुळगुळीत हिरवळीवर चेंडू लोटण्यासाठी पटर वापरतात. या हिरवळीला ग्रीन म्हणतात. लांब आयर्न मारणे कठीण असल्याने अलीकडे त्यांच्या जागी हायब्रीड हा मधला प्रकार रूढ झाला आहे.

नवशिक्याला १४ क्लबांची गरज नसते. एक वूड, एक हायब्रीड, ६, ७ व ९ क्रमांकांचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. असा अर्धा संच वापरलेलाही चालतो. महाग ड्रायव्हर आधी आणि पटर शेवटी घेण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते. प्रत्यक्षात फेरीतील सर्वाधिक फटके सामान्यतः पटरनेच मारले जातात. खरेदीच्या वेळी दांडीची लांबी उंचीला जुळते का आणि क्लब डावखुऱ्याचा आहे की उजव्याचा, एवढे तपासणे पुरेसे असते.

चेंडू आणि किरकोळ साहित्य

चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन कमाल ४५.९३ ग्रॅम असावे लागते. त्याच्या पृष्ठभागावरील खळ्या शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे चेंडूमागील हवेचा रोध घटतो आणि फिरत्या चेंडूला वर उचलणारा जोर वाढतो. गुळगुळीत चेंडू त्याच फटक्याला पुष्कळ कमी अंतर जातो. सुरुवातीला दोन थरांचा स्वस्त चेंडू योग्य, कारण तो हरवणार हे ठरलेलेच असते. चेंडूवर पेनाने स्वतःची खूण करावी. दुसऱ्याच्या चेंडूवर फटका मारल्यास २ फटक्यांचा दंड होतो, आणि एकाच कंपनीचे, एकाच क्रमांकाचे दोन चेंडू गवतात शेजारी सापडणे ही नवलाची गोष्ट नाही.

पहिल्या फटक्यासाठी चेंडू ठेवण्याची खुंटी म्हणजे टी. ग्रीनवर चेंडूची जागा दाखवण्यासाठी नाणे किंवा चकती, आणि चेंडू पडून झालेली खळी नीट करण्यासाठी छोटा काटा खिशात असावा. हातमोजा एकाच हातात घालतात. उजव्या हाताचा खेळाडू तो डाव्या हातात घालतो. बुटांच्या तळाला मऊ खिळ्यांचे बूट चालतात. बहुतेक क्लबांत कॉलरचा शर्ट अपेक्षित असतो आणि जीन्स चालत नाही. पोशाखाचे नियम आधी विचारून घेणे बरे.

सुरक्षितता

पुढचा गट आपल्या फटक्याच्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारू नये. चेंडू कुणाच्याही दिशेने जात असल्याचे दिसताच ‘फोर’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी. ही आरोळी ऐकणाऱ्याने वर पाहू नये, डोके हातांनी झाकून खाली वाकावे. सरावाचा झोका घेण्यापूर्वी मागे-पुढे कुणी उभे नाही याची खात्री करावी. हिरवळ राखणारे कामगार अनेकदा खाली वाकून काम करत असतात आणि चटकन दिसत नाहीत. कुणी फटका मारत असताना बोलू नये, हलू नये, तसेच चेंडूच्या थेट मागे किंवा होलच्या रेषेत उभे राहू नये.

मैदानाची राखण

क्लबने उखडलेला गवताचा तुकडा परत जागी बसवून दाबावा, किंवा पुरवलेली वाळू-माती त्या जागी भरावी. बंकरमध्ये उतरताना कडेच्या सखल बाजूने उतरावे आणि निघताना पावलांच्या खुणा दाताळ्याने सपाट कराव्यात. फटक्यापूर्वी वाळूची परीक्षा घेण्यासाठी तिला क्लब किंवा हात लावणे हा नियमभंग आहे. ग्रीनवर चेंडूने पडलेली खळी कडांकडून मध्याकडे माती सारून बुजवतात. काट्याने तळाची माती वर उपसल्यास मुळे तुटतात आणि डाग अधिक काळ राहतो.

ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांच्यामधील रेषेवर पाऊल ठेवू नये, आपली सावलीही तिच्यावर पडू देऊ नये. चेंडू उचलण्यापूर्वी त्याची जागा नाण्याने खुणावणे बंधनकारक आहे. होलमधील निशाणाची काठी २०१९ पासून पट मारताना तशीच ठेवता येते, त्यामुळे बराच वेळ वाचतो.

वेग

परंपरेने होलपासून सर्वांत दूर असलेला खेळाडू आधी खेळतो आणि मागील होल जिंकणाऱ्याला पुढच्या टीवर पहिला मान मिळतो. मात्र फटके मोजण्याच्या प्रकारात, सुरक्षित असेल तेव्हा जो तयार असेल त्याने मारावे, यास आता नियमच प्रोत्साहन देतात. एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा अधिक वेळ लावू नये अशी शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधण्यासाठी ३ मिनिटे मिळतात; २०१९ पूर्वी ही मुदत ५ मिनिटे होती. त्यात न सापडल्यास १ दंडफटका मोजून आधीच्या जागेवरून पुन्हा मारावे लागते. चेंडू हरवल्याची शंका असल्यास तसे जाहीर करून लगेच तात्पुरता चेंडू मारून ठेवावा. मागचा गट वेगाने येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे. गुणपत्रक ग्रीनवर थांबून न भरता पुढील टीवर भरतात.

प्रामाणिकपणा आणि गुणपत्रक

१९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स यांनी आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतःच सांगून दंड घेतला. तो इतर कुणाला दिसला नव्हता. जोन्स बरोबरी सोडवण्याच्या फेरीत पराभूत झाले. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबेर्तो दे विसेन्झो यांच्या गुणपत्रकावर सोबत्याने ३ ऐवजी ४ लिहिले. त्यांनी न तपासता सही केली. नियमानुसार वाढीव आकडाच कायम राहिला आणि बरोबरीची संधी हुकली. आकडा प्रत्यक्षाहून कमी लिहिला असता, तर ते बाद ठरले असते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा तपासणे हा नवशिक्यालाही लागू असलेला नियम आहे. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला ‘कोणता क्लब घेतला?’ असे विचारणेदेखील दंडास पात्र असते. असा सल्ला फक्त आपल्या कॅडीकडून किंवा जोडीदाराकडून घेता येतो.

कॅडी

कॅडी पिशवी वाहतो, अंतर सांगतो, ग्रीनचा उतार वाचतो. नवशिक्याला मैदानाचे रीतिरिवाज बहुधा त्याच्याकडूनच कळतात, तरी खेळाच्या इतिहासांत त्याला मिळालेली जागा तोकडी आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीतील पूर्वाश्रमीचे कॅडी होत. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. तेथील कॅडींनी जवळच्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत वाकवलेल्या लोखंडी सळ्या आणि प्लास्टिकचे चेंडू घेऊन स्वतःचा गोल्फ रुजवला, आणि त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. घरांच्या भिंती आणि येणारी-जाणारी माणसे सांभाळत मारलेला हा फटका ताकदीपेक्षा अचूकतेवर चालतो.

महाराष्ट्रातील मैदाने आणि पावसाळा

मुंबईतील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब (१९१८) आणि पुण्यातील येरवड्याचे मैदान ही राज्यातील जुनी ठिकाणे. नाशिकमधील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात, जरी तेथे आता क्रिकेट चालते. रायगड जिल्ह्यात सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेल्या मैदानावर सदस्य नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येते. पेण, रोहा, अष्टमी या भागातील इच्छुकांना पनवेलमार्गे ते गाठता येते.

कोकणातील पावसात काही नियम विशेष उपयोगी पडतात. साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात चेंडू गेल्यास किंवा त्यात उभे राहावे लागत असल्यास दंड न घेता सर्वांत जवळच्या कोरड्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडता येतो. बंकरबाहेर चेंडू स्वतःच्याच आघाताने चिखलात रुतल्यासही विनादंड सवलत मिळते. वीज चमकू लागल्यास संयोजकांच्या भोंग्याची वाट पाहावी लागत नाही. धोका वाटल्यास खेळाडू स्वतः खेळ थांबवू शकतो. वळवाच्या दिवसांत उघड्या मैदानावर धातूचे क्लब हाती असताना या तरतुदीचा उपयोग करण्यास संकोच बाळगू नये. झाडाखाली आसरा न घेता पक्क्या इमारतीत जावे.