तिकीट नसलेले टपाल

निजामी राजवटीत हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे गाव होते, आणि संस्थानात टपालखाती दोन होती: एक निजाम सरकारचे, दुसरे इंग्रजांचे. निजामाची तिकिटे 1869 मध्ये निघाली. त्याआधी 1854 मध्येच इंग्रजी मुलुखात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते कितीही लांब जावो, अर्धा आणा हा एकच दर ठरला होता. तिकीट न लावता टाकलेल्या ‘नॉटपेड’ पत्रावर घेणाऱ्याला दुप्पट आकार भरावा लागे. पत्र वाहून नेण्याचा खर्च पाठवणाऱ्याने आणि आधीच सोसायचा, हे त्या कागदाच्या चिटोऱ्याने कायमचे ठरवून टाकले.

ई-मेलची घडण होताना हे कोणी ठरवलेच नाही. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिलेली एसएमटीपी या ई-मेल पोहोचवण्याच्या पद्धतीची नियमावली आपसांत ओळख असलेल्या विद्यापीठांना पुरेशी होती. पत्र घ्यायचे आणि पोहोचवायचे. पाठवणारा खरा की खोटा, ही तपासणी तिच्यात नव्हती. खरे तर 3 मे 1978 रोजीच इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना संगणकाची एक जाहिरात सरसकट गेली होती, पण तिचा धडा घेतला गेला नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाले आणि हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला अस्तित्वात आला. म्हणजे हा जिल्हा जन्मला तेव्हा अशा अनाहूत पत्रांचा, म्हणजे स्पॅमचा धंदा जगभर रुळलेला होता. लाखभर पत्रे धाडणाऱ्याला जवळपास काही मोजावे लागत नाही. घेणाऱ्या सर्व्हरला मात्र एकेक पत्र तपासावे आणि साठवावे लागते. कचेरीतल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला, की त्या खात्यातून रातोरात हजारो पत्रे सुटतात, सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि सकाळपासून खरी पत्रेही परत येऊ लागतात. मग यादी चालवणाऱ्यांकडे अर्ज करत बसायचे. गाळणी सैल ठेवली तर कचरा शिरतो, घट्ट केली तर विद्यार्थ्याचा अर्ज अडकतो. बोल दोन्हीकडून लागतो तो सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच.

आता गाळण्या इतक्या सुधारल्या आहेत की स्पॅम दिसतही नाही, असे कोणी म्हणेल. पण न दिसणे म्हणजे ओझे नसणे नव्हे. ते मोठ्या कंपन्यांना पेलते, छोट्या संस्थेला पेलत नाही. म्हणून महाविद्यालये स्वतःचा सर्व्हर बंद करून त्या कंपन्यांच्या आश्रयाला जातात. मग ई-मेललाही तिकीट लावावे काय? चोरलेल्या खात्यांतून पत्रे धाडणारा ते तिकीटही दुसऱ्याच्याच पैशाने लावेल. कायद्याचा आधारही तोकडा आहे. त्रासदायक ई-मेल गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केले. फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन मुलींना त्याच कलमाखाली अटक झाली होती हे आठवले, की तो निर्णय योग्यच वाटतो. मात्र ट्राय या दूरसंचार नियामकाचे 2018 चे नियम फोन आणि एसएमएसपुरतेच आहेत. ई-मेल त्यांच्याबाहेर राहिला. तेव्हा ज्या संस्था आजही स्वतःची टपालव्यवस्था चालवतात, त्यांनी हे काम संगणक विभागातल्या एखाद्याच्या गळ्यात जादा म्हणून घालू नये. त्यासाठी वेगळा माणूस नेमावा आणि अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी.