रिकाम्या कबरीची गोष्ट

समाधीला जाण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कार्तिकात आळंदीला माणसे लोटतात ती ज्ञानेश्वर माउली तिथे आहेत या भावनेने. दर्ग्यावर चादर चढवणारा माणूसही आत कुणीतरी आपले ऐकते आहे अशा श्रद्धेनेच डोके टेकवतो. समाधी म्हणजे त्या थोर माणसाच्या असण्याची जागा. जेरुसलेममधली एक कबर मात्र याला अपवाद आहे. गेली सुमारे सतराशे वर्षे यात्रेकरू तिथे रांगा लावत आले आहेत, आणि तिथे जाऊन त्यांना अनुभवायचे असते ते हे, की आत कुणीही नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. ख्रिस्ती नाही. या विषयाकडे मी वळलो तो एका सहकाऱ्यामुळे. आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक ख्रिस्ती सर होते. एका पावसाळ्यात त्यांची पत्नी अल्पशा आजाराने गेली. पुढच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "उद्या पहाटे येता का माझ्याबरोबर?" मला वाटले चर्चमध्ये जायचे असेल. त्यांनी नेले दफनभूमीत. अंधारात प्रत्येक कबरीवर मेणबत्ती होती, झेंडूची आणि शेवंतीची फुले होती. दोन दिवस आधीच घरच्यांनी कबरींना चुना लावून ठेवलेला. पेटी घेऊन चार-पाच जण बसले होते. पूर्वेला तांबडे फुटले तशी गाणी सुरू झाली. बाईंच्या कबरीपाशी उभे राहून सर गात होते आणि डोळे पुसत होते.

परतताना न राहवून मी विचारले, "सर, राग मानू नका. पण हे जे तुम्ही मानता, ख्रिस्त कबरीतून उठला म्हणून, त्याला पुरावा काय?"

ते हसले. म्हणाले, "इतिहास तुमचा विषय. तुम्हीच शोधा आणि मला सांगा."

मग मी वाचायला लागलो.

येशूला रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने इ. स. ३० च्या सुमारास जेरुसलेममध्ये क्रुसावर मारले, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही या शिक्षेचा उल्लेख केला आहे. पुढचा भाग श्रद्धेच्या प्रदेशात जातो, पण त्याचेही लेखी साधन आहे. सर्वांत जुने म्हणजे संत पौलाचे करिंथ येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र, सुमारे इ. स. ५३ ते ५५ मधले. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि पेत्राला, बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक जणांना दिसला, असे पौल सांगतो. हे आपल्यालाही इतरांकडून मिळाले, असेही तो म्हणतो. म्हणजे ही साक्ष पत्राहून जुनी. गंमत अशी की या यादीत रिकाम्या कबरीचा उल्लेख नाही.

ती येते चार शुभवर्तमानांत. त्यांतले मार्काचे बहुधा सर्वांत आधीचे, इ. स. ७० च्या आसपासचे. शुक्रवारी संध्याकाळी अरिमथाईचा योसेफ नावाचा एक प्रतिष्ठित माणूस देह मागून घेतो आणि खडकात कोरलेल्या कबरीत ठेवतो. शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. रविवारी पहाटे काही बायका देहाला सुगंधी द्रव्ये लावायला जातात, तो तोंडावरची धोंड सरकलेली आणि आत देह नाही. चौथ्या शतकातल्या दोन अतिशय जुन्या हस्तलिखितांत, म्हणजे व्हॅटिकन आणि सिनाई या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत, मार्काचे शुभवर्तमान इथेच संपते. बायका थरथर कापत पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत.

हे वाचताना मी थबकलो. रिकामी कबर पाहून विश्वास बसला असे तिथे लिहिलेले नाही. लिहिले आहे ते भीतीबद्दल. मत्तयाने तर शिष्यांनीच प्रेत चोरले ही त्या काळी पसरलेली वदंताही नोंदवली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालाची मरीया रडत उभी असते. कुणीतरी देह हलवला, एवढेच तिच्या मनात येते. समोर उभ्या असलेल्या येशूला ती माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती ओळखते. अम्माऊस गावच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याबरोबर कोसभर चालूनही ओळखत नाहीत. संध्याकाळी तो भाकर मोडून देतो तेव्हा ओळखतात. थोमाला जखमा पाहायच्या असतात. म्हणजे नुसती कबर रिकामी असल्याने काही सिद्ध होत नाही, हे त्या लिहिणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. तिने प्रश्न उभा केला. उत्तर मिळाले ते भेटीतून.

आणखी एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. त्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. बायकांची साक्ष स्वीकारू नये, असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो. एखादी कथा रचून लोकांच्या गळी उतरवायची असती, तर पहिले साक्षीदार म्हणून बायका कुणी निवडल्या नसत्या, असे अनेक अभ्यासक म्हणतात. यावर उलट बाजूचे युक्तिवादही आहेत. पण चारही शुभवर्तमानांनी हा अडचणीचा तपशील गाळलेला नाही, हे खरे.

ही पहाटेची कथा मराठीलाही परकी नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर स्टीफन्स यांनी ती ओवीबद्ध मराठीत सांगितली आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले.

मग ख्रिस्ती माणसाला या रिकाम्या कबरीत काय दिसते? पहिली गोष्ट न्यायाची. क्रूस ही रोमन राजवटीत गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. खांबावर टांगलेला माणूस देवाने शापलेला, अशी यहुदी धर्मशास्त्राची धारणा होती. म्हणजे सत्तेनेही येशूला नाकारले आणि धर्मानेही. त्यालाच देवाने उठवले असेल, तर पिलाताचा निकाल वरच्या कोर्टात फिरला असा त्याचा अर्थ होतो. दुसरी गोष्ट देहाची. आत्मा अमर आहे, तो जुने वस्त्र टाकून नवे घेतो, ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. ग्रीकांनाही अशी अमरता परिचयाची होती. ख्रिस्ती श्रद्धा वेगळे म्हणते. देह हे टाकून द्यायचे वस्त्र नव्हे. कबरीत देह उरला नाही, कारण देहासकट माणूस उठला. आणि उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. दुःख पुसले गेले नाही, पण त्याचा शेवटचा शब्द राहिला नाही. तिसरी गोष्ट पौलाने मांडली. ख्रिस्त हे पिकाचे पहिले फळ. मागून सारे शेत येणार आहे. आणि हे घडले नसेल तर आपला सारा विश्वास फोल ठरतो, असेही तो आडपडदा न ठेवता लिहितो.

या विश्वासाची एक खूण आपण सगळेच पाळतो. शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्यांतल्याच या अनुयायांनी एकत्र येण्यासाठी आठवड्याचा पहिला दिवस धरला, कारण कबर रिकामी आढळली ती त्या दिवशी. पुढे ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने तो विश्रांतीचा दिवस ठरवला. आज ज्या रविवारी आपण निवांत वर्तमानपत्र उघडता, त्या सुट्टीचे एक मूळ तिथवर जाते.

याच कॉन्स्टंटाईनपासून कबरीच्या जागेचा इतिहास सुरू होतो, आणि तो फारसा शांततेचा नाही. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने त्या जागी रोमन देऊळ उभारले होते. ते कॉन्स्टंटाईनने पाडायला लावले. भराव उपसताना खडकातली कबर सापडली, असे त्या काळातला बिशप युसेबियस लिहितो. ३३५ मध्ये तिथल्या भव्य चर्चचे अर्पण झाले. ६१४ मध्ये इराणी सैन्याने ते जाळले. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल्-हाकिमच्या हुकमाने ते उद्ध्वस्त झाले, खडकावरही घण पडले. १०४८ पर्यंत बायझंटाईन सम्राटाने ते पुन्हा बांधून घेतले. १०९९ मध्ये क्रुसेडर आले. त्यांनी शहरातल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल केली, आणि मग याच चर्चमध्ये जाऊन प्रार्थना केली. ज्या कबरीत कुणी नाही असे आपणच मानतो, ती सोडवण्यासाठी हजारो माणसांना कबरीत घालायचे, ही या इतिहासातली सर्वांत काळी विसंगती.

११८७ मध्ये सलाउद्दीनने शहर जिंकले. चर्च पाडा असे सांगणारे त्याच्याभोवती होते. त्याने ते पाडले नाही. आजही दाराची किल्ली जौदे या मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्या-लावण्याचे काम नुसैबे घराण्याकडे. आत सहा ख्रिस्ती पंथ नांदतात: ग्रीक, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्ट, सीरियन आणि इथिओपियन. कोणता कोपरा कुणाचा यावरून त्यांचे इतके तंटे, की 'आहे तसे चालू द्या' असा फर्मान तुर्की सुलतानाला १८५२ मध्ये काढावा लागला. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती दिसते. ती हलवायची तर सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती तिथेच आहे.

कबरीवरची आजची छोटी संगमरवरी वास्तू १८०८ च्या आगीनंतर, १८१० मध्ये बांधलेली. ती ढासळू लागली म्हणून १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला. खरी दुरुस्ती व्हायला २०१६ उजाडले. तीन प्रमुख पंथ एकत्र आले आणि अथेन्सच्या तंत्र विद्यापीठाने काम हाती घेतले. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी वरची संगमरवरी फरशी सरकवली गेली. खाली क्रूस कोरलेली दुसरी, भंगलेली फरशी होती आणि तिच्या खाली चुनखडकाचा मूळ ओटा. खालच्या फरशीच्या चुन्याचा काळ तपासला, तो निघाला इ. स. ३४५ च्या आसपासचा. म्हणजे इतकी पाडापाडी होऊनही कॉन्स्टंटाईनच्या काळातले काम तिथे टिकून होते. साठ तासांनी कबर पुन्हा झाकली गेली. पुढे २०२२ पासून चर्चच्या जमिनीखाली उत्खनन झाले. तिथे जैतून आणि द्राक्षवेलीच्या खुणा आढळल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. कबरीजवळ बाग होती, असे योहानाने लिहिले आहेच.

२०१६ ची ती बातमी वाचली, तेव्हा कात्रण घेऊन मी सरांकडे गेलो. एव्हाना आम्ही दोघेही निवृत्त झालो होतो. म्हटले, "सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आणलंय. चुन्याचा काळ सांगता येतो. चौथ्या शतकातल्या लोकांनी कोणती कबर मानली, तेही बऱ्यापैकी सांगता येतं. घाबरून दडलेली माणसं महिन्या-दोन महिन्यांत चौकात उभी राहून बोलू लागली आणि त्यापायी मरायलाही तयार झाली, हेही इतिहास सांगतो. पण त्या पहाटे आत काय घडलं, ते माझ्या साधनांत बसत नाही."

सरांनी कात्रण नीट वाचले. म्हणाले, "पूर्वेकडचे ख्रिस्ती त्या चर्चला काय म्हणतात, माहीत आहे ना? पुनरुत्थानाचं चर्च. पश्चिमेकडचे म्हणतात पवित्र कबरीचं चर्च. इमारत एकच."

मी मान डोलावली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हिची कबर रिकामी नाही, सर. ती मी माझ्या हातांनी भरली. मूठमूठ माती टाकून. म्हणून तर ती दुसरी रिकामी असणं मला लागतं."

यावर माझ्यापाशी प्रश्न नव्हता. पुढच्या ईस्टरला पहाटे मी आपणहून त्यांच्याकडे गेलो. चुन्याची बादली उचलायला त्यांना आता कुणीतरी हवे होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)