धडकेची परवानगी

गेले काही महिने मला एक नाद लागलाय. कॅनडा आणि अमेरिकेतल्या बायकांच्या खेळांचा इतिहास जमेल तसा वाचायचा. त्यात एक जमात अधूनमधून भेटत राहते. हिवाळाभर आइस हॉकी खेळणाऱ्या आणि बर्फ वितळलं की टॅकल फुटबॉलच्या मैदानावर उतरणाऱ्या बायका. वेळापत्रक छान जुळतं. हॉकीचा मोसम मार्चच्या आसपास संपतो आणि बायकांचं फुटबॉल एप्रिल ते जुलै चालतं. शरदात मैदानं, पंच आणि प्रेक्षक सगळे पुरुषांच्या फुटबॉलला वाहिलेले असतात ना!

हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे, अमेरिकन. खांद्यावर पॅड, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू घेऊन पळणारीला कवेत धरून खाली पाडायचं. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, आणि पकडणारी वीस पावलांवरून धावत येऊन आदळतेय अशी कल्पना करा.

मला वाटायचं, दोन्ही दांडगटपणाचे खेळ, एकीला दोन्ही आवडले तर नवल काय? पण वाचत गेले तसं लक्षात आलं की या बायका दोन उलट कायद्यांखाली जगतात. आइस हॉकीत पुरुषाला समोरच्याला खांद्याने धडक देऊन पकपासून दूर करता येतं. याला बॉडी चेकिंग म्हणतात. बायकांच्या हॉकीत त्याला वर्षानुवर्षं मनाई होती. टॅकल फुटबॉलमध्ये मात्र बायकांसाठी जवळपास पुरुषांचेच नियम, चेंडू काय तो जरासा लहान. म्हणजे तीच बाई, तेच शरीर, फेब्रुवारीत धडक दिली तर दोन मिनिटं बाहेर बसायची आणि मे महिन्यात दिली नाही तर प्रशिक्षकाची बोलणी खायची.

हे असं का झालं, याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

बायकांची पहिली अधिकृत जागतिक हॉकी स्पर्धा १९९० च्या मार्चमध्ये ओटावात झाली. कॅनडाच्या मुलींना चक्क गुलाबी पोशाख दिले होते, आणि शहरभर त्या गुलाबी रंगाचं वेड पसरलं होतं. त्या स्पर्धेत धडक चालत होती. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ ने हरवलं. पण त्याआधी याच कॅनडाने जपानला १८-० ने धुतलं होतं. एवढी तफावत असताना धडकही ठेवली तर दुबळ्या देशांच्या मुली टिकायच्या कशा, आणि खेळ पसरायचा कसा? पुढच्या, १९९२ च्या स्पर्धेपासून धडक बंद. १९९८ मध्ये नागानोला बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली ती धडकेविनाच.

युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. धडक गेली म्हणून पास देण्याचं आणि स्केटिंगचं कसब वाढलं, असं म्हणणाऱ्या खेळाडूही आहेत. पण सगळ्यांना ते मान्य नव्हतं. टोरांटोच्या जस्टिन ब्लेनी या शाळकरी मुलीने १९८५ मध्ये मुलांच्या संघात जागा मिळवली होती. तिला तिथेच खेळायचं होतं, कारण तिथे धडक आणि जोरकस फटका दोन्ही चालायचं. हॉकी संघटनेने नकार दिला. ऑन्टारिओच्या मानवी हक्क कायद्यात खेळांपुरती भेदभावाला सूट होती. १९८६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती सूट घटनाबाह्य ठरवली, आणि पुढच्या वर्षी तिला खेळायची मुभा मिळाली. एक मुलगी धडक खाण्याचा हक्क मागायला कोर्टात जाते, हे वाचून मी जरा थांबलेच.

आता फुटबॉलकडे या. इथे कुणीच बंदी घातली नाही. का? तर कुणी तेवढी दखलच घेतली नाही. साठच्या दशकात क्लीव्हलँडच्या सिड फ्रीडमन नावाच्या एजंटने बायकांचे फुटबॉल संघ काढले ते निव्वळ करमणुकीचा तमाशा म्हणून. पण खेळणाऱ्या बायकांनी तो खरा मानला. १९७१ मध्ये उभा राहिलेला ओहायोचा टोलेडो ट्रूपर्स हा संघ साठाहून अधिक सामने जिंकला, आणि हरला ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांची लिंडा जेफरसन चेंडू घेऊन सुटली की सापडायची नाही. सलग पाच मोसम तिने हजार यार्डांच्या वर धाव घेतली. १९७५ मध्ये एका क्रीडा मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं. तरीही दशक संपता संपता संघ बंद पडला. पैसाच नव्हता.

पुढेही चित्र फारसं बदललं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत विमेन्स फुटबॉल अलायन्स सुरू झाली. तिथल्या बहुतेक खेळाडू पगार घेत नाहीत, उलट स्वतःच वर्गणी भरतात. आणि त्याच २००९ मध्ये अंतर्वस्त्रांत फुटबॉल खेळवणारी दुसरी लीगही सुरू झाली. टीव्हीवर कोण झळकलं, हे मी सांगायला नको.

माझ्या मनात राहिलं ते हे. हॉकीला मान मिळाला, ऑलिंपिक मिळालं, आणि त्याबरोबर 'तुम्हाला लागेल हो' अशी काळजीही मिळाली. फुटबॉलला काहीच मिळालं नाही, म्हणून पूर्ण खेळ मिळाला. आपल्याकडच्या घरांतही हे दिसतं. लाडक्या मुलीला जपतात, जिच्याकडे लक्ष नाही ती झाडावर चढते. दोघींना कुणी विचारत नाही.

बरं, काळजीने तरी काही साधलं का? अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या पाहण्यांत बायकांच्या हॉकीत मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण धडकबंदी असूनही पुरुषांपेक्षा कमी निघालं नाही. एक कारण असं सांगतात की धडक शिकवलीच नाही, तर ती चुकून बसते तेव्हा अंग कसं सावरायचं हेही कळत नाही. फुटबॉलमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेतात : डोकं वर, खांदा पुढे, हात लपेटून घे. अर्थात म्हणून फुटबॉल निर्धोक ठरत नाही. गुडघे आणि डोकी तिथेही फुटतात, आणि दवाखान्याच्या बिलाच्या वेळी बाई पुष्कळदा एकटीच असते.

अलीकडे वारं फिरलंय. २०२२ मध्ये स्वीडनच्या महिला लीगने धडकेला परवानगी दिली. १ जानेवारी २०२४ ला उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या व्यावसायिक महिला हॉकी लीगमध्येही, पक मिळवण्याचा हेतू असेल तर, धडक चालते. आणि तिथे खेळाडूंना पगार आहे, त्यांची संघटना आहे, नियमांबद्दल बोलायला जागा आहे.

मला यातली धडक फारशी महत्त्वाची वाटत नाही. उद्या या खेळाडूंनीच मेंदूच्या काळजीपोटी ती पुन्हा बंद करा म्हटलं, तर तेही बरोबरच असेल. फक्त त्या वेळी म्हणणाऱ्या त्या असतील. लिंडा जेफरसनला मोकळीक होती पण मोल नव्हतं, ओटावातल्या मुलींना मोल मिळालं आणि मोकळीक गेली. दोन्ही एकदम मिळायला इतकी वर्षं लागली, आणि तीही एकाच खेळात. फुटबॉलवाल्या अजून वर्गणी भरतायत.