ढालीची जाडी

साहित्याच्या अध्यापकांनी सुट्टीत चिलखती वाहनांच्या प्रतिकृती करीत बसावे, हे आमच्या काही सहकाऱ्यांना अजूनही चमत्कारिक वाटते. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की आम्ही दोघे एका खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसतो आणि पावसाळा सुरू होईपर्यंत हा उद्योग करतो. या वेळी हाती घेतले ते अमेरिकी बनावटीचे एम-११३ हे सैनिकवाहक वाहन. त्याचे व्हिएतनाममधील रूप, प्रमाण १:३५. प्रस्तुत लेखाचे निमित्त ती प्रतिकृती असली, तरी विषय आहे तो प्रतिकृती करताना वाचाव्या लागलेल्या इतिहासाचा. पुस्तकात ओळीमागून ओळ नजरेखालून जाते; येथे प्रत्येक तपशील कापावा, घासावा, चिकटवावा लागतो, आणि त्यामुळे तो तेथे का आहे हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रतिकृतीची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ती अनुभवलेली असते. मात्र त्या किल्ल्यात महाराज महाद्वाराहून उंच असतात, मावळे तटबंदीच्या खांद्याला लागतात आणि पायथ्याचा शेतकरी त्याच्या बैलापेक्षा मोठा असतो. तेथे आकार ठरतो तो महत्त्वावरून किंवा बाजारात मिळालेल्या चित्रांवरून. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचा करार वेगळा आहे. १:३५ या प्रमाणात १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. मग तो सेनापती असो वा शिपाई.

हे प्रमाण कोठून आले, याची कथाही मनोरंजक आहे. लाकडाच्या व्यवसायातून खेळण्यांकडे वळलेल्या तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन 'पँथर' रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेरीचे सेल मावले पाहिजेत, या गरजेतून तिचा आकार ठरला. पुढे मोजून पाहता तो साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला आणि तेच प्रमाण जगभर रूढ झाले. ज्याला आपण काटेकोरपणा म्हणतो, त्याच्या मुळाशी असा व्यावहारिक योगायोग असतो. वृत्तांचा आणि ग्रंथाकारांचा इतिहास शिकविणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 'द सॅव्हेज माइंड' या नावाने इंग्रजीत आलेल्या १९६२च्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. एरवी आपण वस्तूचे भाग जाणून घेत घेत पूर्णापर्यंत पोहोचतो. लघुप्रतिकृतीत पूर्ण आधी हाती येते, भाग नंतर. तळहातापेक्षा फार मोठे नसलेले वाहन पाहणाऱ्याला हे तत्काळ पटते. परंतु ते बनविणाऱ्याचा अनुभव उलट्या दिशेचा असतो. त्याच्यापुढे आधी सुटे भागच असतात, आणि त्यांतील प्रत्येक भागाला स्वतःची जन्मतारीख असते.

एम-११३च्या मूळ कवचाची जन्मतारीख १९६० ही धरता येईल. त्या वर्षी हे वाहन अमेरिकी सैन्यात दाखल झाले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे अॅल्युमिनियमचे चिलखत. पोलादाऐवजी हा हलका धातू वापरल्यामुळे वाहन विमानातून नेता येई आणि पाण्यावर तरंगतही असे. लांबी पाच मीटरहून थोडी कमी, आत दोन चालक-सेवक आणि अकरा सैनिक. चिलखताची जाडी जागेनुसार १२ ते ३८ मिलिमीटर. रचनाकारांच्या मनातील चित्र स्पष्ट होते. या पेटीने सैनिकांना गोळ्यांपासून वाचवीत रणांगणाच्या कडेला आणून सोडावे, त्यांनी मागच्या उतारफळीवरून खाली उतरावे आणि पायी लढावे. छतावर एक जड मशीनगन होती खरी; पण ती चालविणारा कमरेपासून वर उघडा राहणार, याची फारशी काळजी कोणी केलेली दिसत नाही. जो लढाईत उतरायचाच नाही, त्याला ढाल कशाला?

पहिली ३२ वाहने ३० मार्च १९६२ रोजी दक्षिण व्हिएतनामला पोहोचली आणि तेथील सैन्याच्या दोन तुकड्यांना मिळाली. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात गुडघाभर पाण्याची खाचरे तुडवीत येणाऱ्या या यंत्रांपुढे सुरुवातीस गनिमांची पळापळ झाली. दक्षिण व्हिएतनामी सैनिकांनी खाली न उतरता वाहनातूनच लढण्याची रीत पाडली, कारण दलदलीत उतरणे म्हणजे वेग आणि संरक्षण दोन्ही गमावणे होते.

२ जानेवारी १९६३ रोजी आप बाक या खेड्यापाशी हे चित्र पालटले. सुमारे साडेतीनशे गनीम झाडांच्या रांगेखाली खंदक करून बसले होते आणि त्यांनी पळायचे नाही असे ठरविले होते. त्यांच्यावर कॅप्टन ली तोंग बा यांच्या हाताखालील १३ एम-११३ वाहने पाठविण्यात आली. वाटेतील कालव्यांनी त्यांना कित्येक तास अडकवून ठेवले. झाडेझुडपे तोडून ती कालव्यात टाकावी लागली, तेव्हा कोठे ती पलीकडे गेली. पोहोचली तीही एकत्र नव्हे, एकेक-दोनदोन करून. खंदकांतील बंदुका छताकडे वळल्या आणि उघड्यावर उभे असलेले मशीनगनचालक एकामागून एक पडू लागले. वरून छोट्या विमानातून अमेरिकी सल्लागार जॉन पॉल व्हॅन हे सारे असहायपणे पाहत होते. त्या दिवशी पाच हेलिकॉप्टरे गेली, तीन अमेरिकी आणि ऐंशीच्या आसपास दक्षिण व्हिएतनामी सैनिक मारले गेले. नील शीहन हे तेव्हा सायगावमध्ये वार्ताहर होते. पुढे १९८८ साली व्हॅनच्या चरित्राच्या मिषाने त्यांनी लिहिलेल्या 'अ ब्राइट शायनिंग लाय' या ग्रंथात आप बाकला मध्यवर्ती स्थान आहे.

या लढाईनंतर मशीनगनभोवती ढाली आल्या. त्या कोणत्याही रचनाकाराच्या कागदावर जन्मलेल्या नव्हत्या. पहिल्या ढाली बुडालेल्या एका जहाजाच्या पत्र्यातून कापल्या होत्या. तो पत्रा मऊ निघाला, गोळी आरपार जाई. तेव्हा मोडीत निघालेल्या वाहनांचे चिलखत कापून दुसऱ्या ढाली केल्या. अमेरिकी सैन्य स्वतः मोठ्या संख्येने उतरले, तेव्हा हा देशी तोडगा त्यांनी उचलला आणि कारखान्यातून ढालींचे संच येऊ लागले. मुख्य मशीनगनभोवती पोलादी कडे, छताच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन मशीनगन, त्यांनाही ढाली. १९६६च्या सप्टेंबरात आलेल्या अकराव्या चिलखती अश्वदळाने या रूपाला 'एकॅव्ह' हे नाव रूढ केले. आमच्या खोक्यावर हेच नाव होते.

आता टेबलाकडे वळू. संचातील ढाल हातात घेतली तेव्हा ती जवळजवळ एक मिलिमीटर जाड होती. पस्तिसाने गुणले तर खऱ्या वाहनावर ही ढाल ३५ मिलिमीटर, म्हणजे वाहनाच्या बाजूच्या भिंतीइतकी जाड ठरते. प्रत्यक्षात ती काही मिलिमीटरांचीच होती. प्लास्टिक याहून पातळ ओतणे अवघड असते, म्हणून कारखान्याने केलेली ही सोयीची अतिशयोक्ती. आम्ही ती ढाल पॉलिश कागदावर घासू लागलो. घासता घासता ती इतकी पातळ झाली की उजेडासमोर धरल्यावर मागचे बोट सावलीसारखे दिसू लागले. एका माणसाच्या छातीसमोर एवढेच होते, ही गोष्ट आम्ही आधी वाचली होती; बोटाला ती त्या दुपारी कळली.

गंजाचेही असेच. जुनाट वाहन दाखवायचे म्हणजे तपकिरी रंगाचे ओघळ सोडायचे, ही नवशिक्यांची सवय आमच्याही हातात होती. पण अॅल्युमिनियम तांबूस गंजत नाही. या वाहनाच्या अंगावरचा रंग खरवडला गेला तर खाली राखाडी-रुपेरी धातू दिसतो. गंज चढतो तो पोलादी पट्ट्यांवर आणि नंतर जोडलेल्या ढालींवर. त्यामुळे आमच्या प्रतिकृतीवर मूळ योजना कोठे संपते आणि अनुभवाने घातलेली भर कोठे सुरू होते, हे रंगावरूनच ओळखू येते. हस्तलिखितातील निराळ्या शाईने केलेली समासातील दुरुस्ती पाहून संपादकाला जे वाटावे, ते आम्हाला येथे वाटले.

सर्वांत बोलका विसंवाद मात्र आतल्या भागाचा होता. वाहनाच्या पोटातील दोन समोरासमोरची लांब बाके आम्ही मन लावून केली, त्यांच्या कापडाच्या शिवणीही दाखवल्या. नंतर त्या काळातील छायाचित्रे समोर मांडली, तर बाकांवर जवळजवळ कोणीच नाही. सारे सैनिक छतावर. कारण भूसुरुंग. १९६८च्या अखेरीपासून १९६९च्या मध्यापर्यंतच्या अमेरिकी नोंदींनुसार अशा वाहनांच्या हानीपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक हानी सुरुंगांमुळे झाली होती. सुरुंग फुटला की बंद पेटीत बसलेल्यांची गत वाईट होई; वर बसलेला फेकला जाई, पण जगण्याची शक्यता राही. म्हणून तळाशी वाळूची पोती अंथरली गेली आणि माणसे छतावर आली. ज्या चिलखतासाठी हे वाहन जन्मले, त्याच्या बाहेर बसणे अधिक सुरक्षित ठरले. हे सुरुंग पुष्कळदा न फुटलेल्या अमेरिकी बाँबमधील दारू काढून केलेले असत. एका बाजूने बुडालेल्या जहाजाची ढाल केली, दुसऱ्या बाजूने पडलेल्या बाँबचा सुरुंग. भंगाराचा असा पुनर्वापर दोन्हीकडे चालू होता.

छतावरचे सामान रचण्यात आमचा एक आठवडा गेला. इपॉक्सी पुट्टीची वाळूची पोती, त्यांवर ओले कापड दाबून उमटविलेली वीण, दारूगोळ्याच्या पेट्या, पाण्याचे डबे, डबाबंद शिध्याची खोकी, रात्रीच्या मुक्कामात रॉकेट अडविण्यासाठी वाहनापुढे उभारायच्या तारजाळीची गुंडाळी. टिम ओब्रायन यांची 'द थिंग्ज दे कॅरीड' ही कथा ज्यांनी वर्गात शिकविली आहे, त्यांना सैनिकांजवळील वस्तू वजनासह मोजण्याची तिची रीत आठवेल. यादी हाही कथनाचा एक प्रकार आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. पोती एकावर एक ठेवताना त्या यादीतील भीती आम्हाला अधिक जवळून दिसली.

येथवर आमचे एकमत होते. मतभेद झाला तो तळपाटावर. आम्ही प्रसंग निवडला होता १९६८चा, सायगावच्या वायव्येचा कू ची परिसर. तेथील माती जांभ्याची. गनिमांची प्रसिद्ध भुयारे याच मातीत खणलेली आहेत. आमच्यापैकी एकाचे बालपण तळकोकणात गेले. छायाचित्रांतील तांबडी धूळ पाहताच त्याने ती ओळखली आणि पुढच्या खेपेस गावाहून पुडीत बांधून माती आणली. वस्त्रगाळ करून तीच आम्ही पट्ट्यांना लावली.

वाहन भातखाचरातून बांध ओलांडून जात आहे, अशी मांडणी ठरली. बांध एक सेंटिमीटर उंच केला, म्हणजे प्रत्यक्षात ३५ सेंटिमीटर. पुट्टी ओली असतानाच वाहन त्यावरून दाबून पुढे सरकविले. पट्ट्यांचे ठसे सुरेख उठले, बांध दोन ठिकाणी फुटला. आमच्यापैकी दुसरा त्या ठशांवर खूश होता. कोकणातला मात्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही मेर पुन्हा कोण घालणार?" मेर फुटली की वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते आणि नुकतीच लावलेली रोपे उन्हात पिवळी पडतात, हे त्याने पाहिले होते. दोन महिने आम्ही या वाहनाच्या प्रत्येक भागामागचा माणूस शोधत होतो. ज्या जमिनीवर ते उभे आहे तिच्यामागचा माणूस आमच्या मनात आलाच नव्हता.

यावर उपाय म्हणून एक शेतकरी किंवा मूल घेतलेली स्त्री कडेला उभी करावी, असे दुसऱ्याने सुचविले. पहिल्याने ते मानले नाही. कडेला उभी केलेली करुण मूर्ती पाहणाऱ्याची सोय करते; त्याला हळहळून पुढे जाता येते, असे त्याचे म्हणणे. आम्ही दोन दिवस यावर भांडलो. शेवटी मूर्ती ठेवली नाही. फुटलेल्या जागेतून पारदर्शक राळेचे पाणी खालच्या खाचरात वाहताना दाखविले, वरच्या खाचरातील रोपांच्या एका रांगेच्या टोकांना किंचित पिवळा हात दिला, आणि बांधावर एक कुदळ ठेवली. ती आठवडाभर विसरली गेल्यासारखी दिसते. एवढ्याने त्या शेतकऱ्याला न्याय मिळाला असे आम्ही मानीत नाही.

लघुप्रतिकृतीची एक मर्यादा येथे मान्य केली पाहिजे. ती क्षण धरून ठेवते. पुढचा हंगाम तिला दाखविता येत नाही. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. मागे राहिलेली अनेक एम-११३ वाहने विजेत्यांच्या हाती आली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस कंबोडियात व्हिएतनामी सैन्याने तीच वापरली. हे वाहन आजही पूर्णपणे निवृत्त झालेले नाही. २०२२नंतर ते युक्रेनच्या युद्धातही गेले. माणसांचे पुढे काय झाले, यासाठी मात्र कादंबरीकडेच जावे लागते. बाओ निन्ह यांच्या 'द सॉरो ऑफ वॉर' या नावाने जगाला माहीत झालेल्या कादंबरीचा आरंभ युद्धानंतर जंगलातून बेपत्ता सैनिकांचे अवशेष गोळा करणाऱ्या तुकडीपासून होतो. त्या कामाला प्रमाण नाही आणि ते पेटीत मावत नाही.

प्रतिकृती आता विभागातील काचेच्या कपाटात आहे. विद्यार्थी प्रथम मशीनगन पाहतात, मग छतावरची माणसे मोजतात. आत बसायला जागा असताना हे सारे वर का, असे त्यांच्यापैकी कोणी ना कोणी विचारतोच, आणि तेथून आम्ही बोलायला सुरुवात करतो. कुदळीविषयी अद्याप कोणी विचारलेले नाही. आम्हीही आपण होऊन सांगत नाही.