वाहत्या नोंदींची नक्कल

मागच्या वेळी आपण पोथ्यांच्या नकलांपाशी थांबलो होतो. लेखनिकाच्या हातून चुका होत, ओळी गळत. पण एक सोय त्याला होती. तो लिहीत असताना समोरची पोथी बदलत नसे. आज प्रश्न वेगळा आहे. नक्कल उतरवेपर्यंत मूळच बदलत राहिलं, तर ती नक्कल नेमकी कशाची म्हणायची?

बँकेचा डेटाबेस घ्या. तो चालू असताना त्याच्या फायली साध्या कॉपीच्या कमांडने उचलायला लागलात, तर पहिली पानं दहा वाजताची आणि शेवटची साडेदहाची. मधे कुणीतरी हजार रुपये एका खात्यातून दुसऱ्यात टाकले. पहिलं खातं पैसे जाण्याआधीचं उतरलं, दुसरं पैसे आल्यानंतरचं. नकलेत हजार रुपये जास्त! अशी स्थिती मुळात एक क्षणही नव्हती.

यावरचा मार्ग १९७८ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड रीड यांच्या प्रबंधात दिसतो. जुनी नोंद खोडू नका, तिची नवी आवृत्ती शेजारी ठेवा. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केलेल्या पोस्टग्रेसचं पुढे पोस्टग्रेस्क्यूएल झालं, आणि त्यातही ही पद्धत रुजली. प्रत्येक ओळीवर ती कोणत्या व्यवहाराने आणली आणि कोणत्या व्यवहाराने बाद केली याची खूण असते. त्यामुळे तुम्ही टर्मिनलवर ‘पीजी-डंप’ चालवता तेव्हा तो सुरुवातीचा एक क्षण धरतो आणि त्या क्षणापर्यंत पक्क्या झालेल्या नोंदीच पाहतो. बाकीच्यांचं लिहिणं चालूच राहतं, कुणाला थांबवावं लागत नाही. क्षणिकवाद्यांना ही युक्ती आवडली असती असं मला उगाच वाटतं.

इतकं असूनही ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय घडलं ते बघा. मुख्य डेटाबेसची एक जुळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत चालू असे. त्या दिवशी ती मागे पडली. नव्याने प्रत घ्यायची कमांड दिली, तर ती काहीच न बोलता बसून राहिली. खरं म्हणजे ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती. इंजिनिअरला वाटलं, जुनी फोल्डर आड येत असेल. रात्री अकराच्या सुमारास त्याने ती पुसायची कमांड दिली, पण दिली मुख्य सर्व्हरवर! एकदोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

मग रोजचा डंप शोधला. साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंपची कमांड ९.२ ची, त्यामुळे ती दर वेळी नकार देत होती. नकाराचे ईमेलही निघत होते. पण त्यांवर हवी ती सही नसल्यामुळे ते वाटेतच नाकारले जात.

इथे मला भाट्ट मीमांसक आठवतात. ‘भूतलावर घट नाही’ हे आपण अनुपलब्धीने जाणतो, पण अट अशी की घट असता तर तो दिसला असता. अंधारात घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तक्रारीचा ईमेल आला नाही म्हणून तक्रार नाही, हे अनुमान अंधारातलं होतं. त्या मुक्या कमांडचंही तसंच.

वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच एका चाचणीसाठी, डिस्कचा स्नॅपशॉट हाताने घेतला होता. निव्वळ योगायोग. तो मंद डिस्कवर होता, त्यामुळे परत आणायला अठराएक तास लागले, आणि हा सगळा खटाटोप कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवला! लोकांचा कोड डेटाबेसबाहेर असल्याने शाबूत राहिला. पण मधल्या तासांतल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली.

फेब्रुवारीत कंपनीने स्वतःच लांबलचक अहवाल छापला. डंप परत उभा करून पाहण्याची चाचणी का होत नव्हती, याचं उत्तर त्यात सरळ दिलं आहे: ते काम कुणा एकाचं नव्हतंच. पुढच्या कामांच्या यादीत ही चाचणी आपोआप व्हावी असं आलं. शिवाय आपण कुठल्या सर्व्हरवर बसलो आहोत, हे टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर ठळक दिसावं, हेही.