गिटारीला लावलेला कान

श्रोतेहो, तंतुवाद्यांचे एक जन्मजात दुखणे आहे. त्यांचा आवाज गोड, पण लहान. नगारखान्यातली सनई साऱ्या गावाला ऐकू जाते, ढोल तर दोन शेतांपलीकडे पोचतो. सतार ऐकायची म्हटली की मात्र जवळ जाऊन बसावे लागते. गिटारीची गत हीच. चार माणसांच्या खोलीत ती पुरून उरते आणि मांडवातल्या गर्दीत हरवते. हा लहान आवाज मोठा करायला माणसाने काय काय केले, त्यात काय मिळाले आणि काय गेले, याची हकीकत आज सांगायची आहे. आज गावोगावच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत गिटार दिसते, आणि तिला 'पिकअप' कोणता लावावा असा प्रश्न गुरुजींपुढे येतो. त्याचे उत्तर या इतिहासातच दडलेले आहे.

पिकअप म्हणजे काय, तर वाद्याच्या कंपनाचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे लहानसे साधन. ती लहर ॲम्प्लिफायर मोठी करतो आणि कर्णा तिचा पुन्हा आवाज करतो. सोप्या शब्दांत, पिकअप हा गिटारीला लावलेला कान आहे. आता हा कान लावायचा कुठे? तार छेडली की आधी तार कापते. तिचे कंपन घोडीवाटे लाकडाच्या फळीत उतरते. फळी हलली की पोटातली आणि भोवतालची हवा हलते, आणि तो आवाज आपल्यापर्यंत येतो. म्हणजे कान लावण्याच्या जागा तीन : तार, लाकूड आणि हवा. सगळी गोष्ट या तीन जागांची आहे.

विजेच्या आधी कारागिरांनी वाद्याच्या अंगावरच प्रयोग केले. अमेरिकेत गिटारीचे पोट मोठे झाले, आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा आल्या. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे हवाई बेटांवरचे वादक आले होते. मांडीवर आडवी गिटार ठेवून तारेवरून पोलादाची पट्टी फिरवायची, अशी त्यांची तऱ्हा. तिचे वेड साऱ्या अमेरिकेला लागले. पण नाट्यगृह मोठे आणि वाद्य नाजूक! जॉर्ज बोशां नावाचा असाच एक वादक या त्रासाने हैराण झाला होता. त्याच्या खटपटीतून आणि जॉन डोपियेरा या कारागिराच्या हातून १९२७ साली धातूची गिटार तयार झाली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले होते. घोडीचे कंपन या शंकूंत जाई आणि आवाज खणखणीत निघे. तरीही वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे तो पुरेना.

मग बोशां विजेकडे वळला. इथे शिक्षकमंडळींना आपला शाळेतला प्रयोग आठवेल. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. हा शोध मायकेल फॅरेडेने १८३१ साली लावला. बोशांने चुंबक आणि वेटोळे दोन्ही स्थिर ठेवले आणि हलवली ती गिटारीची पोलादी तार. पोलाद चुंबकाच्या क्षेत्रात थरथरले की क्षेत्र बदलते, आणि वेटोळ्यात तारेच्याच चालीची विजेची लहर उठते. पॉल बार्थ या सोबत्याच्या मदतीने १९३१ साली त्याने हा पिकअप जमवला. घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक तारांवरून वळवलेले आणि खाली वेटोळे, अशी त्याची रचना होती. ॲडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साथीने १९३२ साली ती गिटार बाजारात आली. ओतीव ॲल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची म्हणून लोकांनी तिचे नाव पाडले 'तळणीचा तवा'!

बोशांने १९३४ साली पेटंटसाठी अर्ज केला. असे सांगतात, की हे यंत्र खरोखर वाजते की नाही याचीच तपासनिसांना शंका होती, म्हणून त्यांच्यासमोर वादक पाठवून गिटार वाजवून दाखवावी लागली. पेटंट हाती आले ते १९३७ साली. तोवर इतरांनीही विजेच्या गिटारी बनवायला घेतल्या होत्या.

या कानाचा चमत्कार लोकांना खरा पटवला तो चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने. तोवर जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात गिटारीचे काम ताल धरण्याचे. मागे बसून खणखण करत राहायचे. १९३९ साली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या संचात आला आणि पिकअप लावलेल्या गिटारीवर सनईवाल्यासारखा पुढे होऊन एकेक सूर वाजवू लागला. १९४२ साली क्षयाने तो गेला, तेव्हा वय अवघे पंचवीस. पण तेवढ्या अडीच-तीन वर्षांत मागच्या रांगेतले वाद्य पुढे आले ते आलेच.

आता प्रश्न असा, की ज्याच्याकडे साधी लाकडी गिटार आहे त्याने काय करावे? त्याच सुमारास ओहायो राज्यातल्या टोलीडो गावी हॅरी डिआर्मंड याने गिटारीला भोक न पाडता वरून अडकवता येईल असा चुंबकी पिकअप विकायला काढला. पुढे १९५४ साली गिब्सन कंपनीने चुंबकी पिकअप आतच बसवलेली जे-१६०ई ही लाकडी गिटार आणली. बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ साली तीच घेतली.

पण लाकडी गिटारीला वीज जोडली की एक नवे भूत मागे लागते. कर्ण्याचा आवाज गिटारीच्या फळीला हलवतो, फळी तारेला, तार पिकअपला, आणि पिकअप पुन्हा कर्ण्याला. हे चक्र सुरू झाले की एकच हुंकार किंवा किंकाळी वाढत जाते. सभेत माइक कर्ण्यासमोर गेला की जी शिट्टी उठते, तिचेच हे भावंड. जे-१६०ई हिची वरची फळी एकसंध लाकडाची न ठेवता थर चिकटवून केली होती, ती कमी हलावी म्हणून. पाहा, हुंकार थांबवायला लाकडाचे तोंड दाबावे लागले, आणि त्याबरोबर लाकडाचा गोडवाही थोडा गेला. बीटल्सनी १९६४ साली 'आय फील फाइन' या गाण्याच्या आरंभी हाच हुंकार मुद्दाम तबकडीवर ठेवला, ही गोष्ट वेगळी!

चुंबकी कानाची आणखी एक मर्यादा आहे. त्याला फक्त लोखंड-पोलाद ऐकू येते. नायलॉनची तार कितीही सुरेल असो, त्याच्या लेखी ती मुकी. आणि पोलादी तारेतही तो लाकूड जवळजवळ ऐकतच नाही. म्हणून चुंबकी पिकअप लावलेली लाकडी गिटार पुष्कळदा विजेच्या गिटारीसारखी वाजते.

लाकूड ऐकणारा कान निराळ्या शोधातून आला. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंना आढळले, की काही स्फटिक दाबले की त्यांच्या अंगावर विद्युत्भार उमटतो. स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटर आठवा. खटका दाबताच ठिणगी उडते ती याच गुणामुळे. जुन्या रेडिओग्रॅममधल्या स्फटिकाच्या पिकअपमागे हेच तत्त्व होते. गिटारीत ही पट्टी घोडीवरच्या हाडाच्या तुकड्याखाली ठेवली, की तारांचा थरथरता दाब तिच्यावर पडतो आणि लहर उठते. तार पोलादाची असो की नायलॉनची, तिला सारखेच.

ही रीत रुळवली ती चार्ल्स कामन या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या गृहस्थाने. यंत्रातील कंपने आवरण्याचे त्याचे ज्ञान त्याने उलट कामाला लावले. १९६६ साली त्याची ओव्हेशन गिटार निघाली, आणि १९७० च्या सुमारास तिच्या घोडीत असा पिकअप बसला. ग्लेन कॅम्पबेल या गायकाने १९६९ साली सुरू झालेल्या आपल्या टेलिव्हिजन कार्यक्रमात ओव्हेशन गिटार घरोघर पोचवली. हुंकाराचा त्रास पुष्कळ कमी झाला. दोष राहिला तो असा, की घोडीखालचा स्फटिक नखाचा आघात फार टोकदार ऐकतो. जोरात वाजवले की सूर कोरडा, चिरका होतो. शिवाय त्याची लहर अशक्त असते. जवळच बॅटरीवर चालणारा लहान प्रवर्धक नसेल, तर भरीव सूर वाटेतच झिजतात.

तिसरा कान हवेचा, म्हणजे समोर ठेवलेला माइक. सर्वांत खरा आवाज त्याचा, आणि गर्दीत सर्वांत आधी शिट्टी मारणाराही तोच. स्पेनचा थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याला तर आवाज वाढवणेच मान्य नव्हते. सभागृहाने शांत बसून ऐकावे, हा त्याचा आग्रह. याच्या उलट गंमत पाहा. १९८९ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर 'अनप्लग्ड', म्हणजे वीज न जोडलेल्या वाद्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात १९९३ साली कर्ट कोबेनने वाजवलेली १९५९ ची मार्टिन गिटार चांगली पिकअप लावलेली होती! २०२० साली लिलावात ती साठ लाख डॉलरांवर गेली.

आपल्याकडे हवाईयन गिटारीला रागसंगीताची वाट मिळाली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे, आणि तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. पुढे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा १९९४ साली ग्रॅमी पारितोषिकापर्यंत पोचली. या वादनात मींड हाच प्राण. छेडलेला सूर विरत असतानाच पुढच्या स्वरापर्यंत न्यायचा असतो. मोठ्या सभागृहात त्या विरत्या शेपटीला कोणीतरी कान लावला, तरच शेवटच्या रांगेला मींड पूर्ण ऐकू येते.

तेव्हा गुरुजी, निवड अशी करावी. नायलॉनच्या तारा असतील, तर चुंबकी पिकअपचा विचारच सोडावा. प्रार्थनेला किंवा भावगीताला एकटी साथ असेल आणि सभागृह शांत असेल, तर समोर चांगला माइक पुरे. ढोलकी, ऑर्गन आणि कर्णे यांच्या गदारोळात पोलादी तारांची गिटार वाजवायची असेल, तर पोटाच्या गोल भोकात अडकवायचा, काढता येणारा चुंबकी पिकअप बरा. भोकाला रबरी झाकण बसवले की हुंकारही घटतो. फक्त आवाज किंचित तारेचा येईल हे धरून चालावे. दोन्ही प्रसंग येणार असतील, तर घोडीखालचा स्फटिक प्रवर्धकासह घ्यावा, आणि तो जाणत्या कारागिराकडूनच बसवून घ्यावा. पट्टी सपाट बसली नाही, तर एक तार ओरडते आणि शेजारची मुकी होते. आणि कोणताही घेतला, तरी वादकाला कर्ण्याच्या तोंडासमोर बसवू नये.

श्रोतेहो, जवळजवळ शंभर वर्षांच्या या खटपटीत तिन्ही जागा सारख्याच चांगल्या ऐकणारा कान कोणाला सापडलेला नाही. तार स्पष्ट हवी तर लाकूड थोडे सोडावे लागते; हवा हवी तर गर्दी सोडावी लागते. म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी पोरांनी वाजवलेल्या गिटारीतले आपल्याला नेमके काय आवडते, ते शांत खोलीत एकदा नीट ऐकून घ्यावे. ते कळले, की कान कुठे लावायचा तेही कळते.